माळ्यावरचे तीन डबे: ठेवू की काढू?

खटका | शनिवार, रात्री ११:१२

आमची कुर्ल्याची बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला चालली. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत घर रिकामं करायचंय आणि मग दोन वर्षं (बिल्डरची दोन, आपली किती ते बघू) चेंबूरला भाड्याच्या वन आरकेत काढायची आहेत. आज आईने माळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "त्या घरात एक तर ते येतील, नाहीतर मी."

ते म्हणजे माझे संगणक. पहिला २००२ साली बाबांबरोबर लॅमिंग्टन रोडला जाऊन जोडून आणलेला पेंटियम ४. ४० जीबीची डिस्क, २५६ एमबी रॅम, कॅबिनेट एके काळी पांढरं होतं, आता चहाच्या रंगाचं झालंय. दुसरा माझ्या पहिल्या पगारातला. तिसरा ऑफिसने मोडीत काढलेला, 'पार्ट उपयोगी पडतील' म्हणून उचलून आणला. आठ वर्षांत पडलेले नाहीत. शिवाय सीआरटी, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या नळीचा मॉनिटर, जो वर चढवायला दोन माणसं लागली होती. आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात स्क्रू, जंपर (डिस्कच्या पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या), अर्धमेले पंखे. आई दर दिवाळीला शंकरपाळे असतील म्हणून तो उघडते आणि दर दिवाळीला चिडते.

माझा रोजचा छंद या डब्यांवर अवलंबून नाही. टीव्हीमागे रास्पबेरी पाय (तळहातावर मावेल एवढा संगणक) चिकटवलाय, त्यावर फोटो आणि गाणी आहेत, रविवारी दुपारी डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) कामही चालतं. तरी हे तिघे टाकवत नाहीत. तुमच्यापैकी कोणाला जुना संगणक ठेवून कधी खरंच उपयोग झालाय का? आठवणी नकोत, उपयोग सांगा.

---

लॅमिंग्टनकर | शनिवार, रात्री ११:४०

आठवणी नकोत म्हणालात तरी पहिला प्रतिसाद आठवणीचाच येणार. :)

डॉ. भडकमकर मार्ग हे नाव पत्त्यात लिहायचं, तोंडात लॅमिंग्टनच. ग्रँट रोडला उतरायचं, पहिल्या दुकानात व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर भाव लिहून घ्यायचा, ते कार्ड दुसऱ्या दुकानात दाखवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. तिसरा बोर्डात पन्नास रुपये सोडायचा आणि केबलचे साठ लावायचा. सगळं घेऊन टॅक्सीत मांडीवर मॉनिटर, पायात कॅबिनेट. घरी पोचेपर्यंत ड्रायव्हरलाही रॅम किती ते माहीत झालेलं असायचं.

मुद्द्याचं: पी४ टाकू नका. निदान डिस्क काढल्याशिवाय तर नकोच.

---

गिरगावची_ठमी | शनिवार, रात्री ११:४४

आईंना चेंबूरला पाठवा, संगणक माळ्यावरच राहू द्यात. हलके घ्या.

---

विजेचं_बिल | रविवार, सकाळी ८:०५

भावना बाजूला ठेवून हिशेब करू. असा पी४ नुसता चालू ठेवला तरी शंभरेक वॉट खातो. म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. तुमचा पाय चार वॉट धरला तर महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. काम तेच, उलट पाय जास्त भराभर करेल. मी माझा जुना डबा 'घरचा सर्व्हर' म्हणून सहा महिने चालवला. बायकोने बिल फ्रिजवर चिकटवलं आणि रोज डब्बा भरताना त्याकडे बघायची, बोलायची नाही. सातव्या महिन्यात मीच बंद केला.

---

सासूबाईंचा_वायफाय | रविवार, सकाळी ९:३०

घरच्या सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर. मीही पाय घेऊन घरभरच्या जाहिराती अडवायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. कुठल्या पत्त्यावर जाहिराती असतात त्याची यादी त्याच्याकडे असते, घरातल्या कुठल्याही फोनने तो पत्ता विचारला की हा 'असा कोणी इथे राहत नाही' म्हणून सांगतो. चाळीतल्या तळमजल्यावरच्या काकांसारखं.

पहिले चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी साबांची (सासूबाईंची) मालिका सुरूच होईना. ते अ‍ॅप आधी जाहिरात दाखवणार, मगच भाग. जाहिरात येत नाही म्हणून ते बिचारं गोल गोल फिरत बसलं. साबा म्हणाल्या, "तुझ्या त्या डबीला सांग, मला साबणाची जाहिरात बघायची आहे." आता त्यांचा टीव्ही यादीतून वगळलाय. घरात शांतता आहे.

अवांतर: १२ ऑक्टोबर २०२०ला अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा माझा सर्व्हर मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालू होता. फक्त राउटर बंद असल्यामुळे त्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

---

अर्धा_बिट | रविवार, सकाळी १०:१५

तुमच्याकडे निदान माळा आहे. आमच्या लालबागच्या खोलीत छंदाला जागा म्हणजे खिडकीची कठडी. मी हौसेने निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड आणला. प्रत्येक कळीला टकटक. रात्री एकला कोड लिहीत बसलो की काय सुख! तिसऱ्या दिवशी खालच्या मावशी आईला विचारत होत्या, "रात्री शेव पाडता का हो तुम्ही?"

आता लाल स्विच लावलेत. आवाज नाही, मजाही नाही.

---

गिरगावची_ठमी | रविवार, सकाळी १०:२१

@अर्धा_बिट, शेव कुठाय मग?

---

कोरडी_हवा | रविवार, दुपारी १:०२

मी वर्सोव्याला राहतो, घरातून समुद्र दिसतो. पाहुण्यांना त्याचं कौतुक, मला नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांनी माझे दोन मदरबोर्ड खाल्ले. स्क्रूवर तांबूस पावडर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर. खोडरबरने पट्ट्या घासल्या की बरेचदा जिवंत होतात, पण सगळेच नाही. थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिकही जुलैत ओलावा पितं आणि छापताना तडतडतं. माझी रिळं तांदळाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात, आणि तांदूळ बाहेर पिशवीत.

धागाकर्तीस: वीस वर्षं माळ्यावर पडलेला संगणक कृपया थेट प्लगात घालू नका. आधी झाकण काढून कपॅसिटर बघा, ती छोटी पिंपं. डोकी सपाट हवीत. त्या काळातल्या कित्येक बोर्डांत खराब द्रव असलेले कपॅसिटर गेले होते, ते वर फुगतात, तपकिरी रस गळतो. नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, नक्की मेलेला असणार. तो मेला की चालू केल्यावर संगणक अनेक वर्षं मागची तारीख दाखवतो, घाबरू नये.

आणि तुमचा आयडी बघून आठवलं. पॉवर सप्लायच्या मागे लाल खटका असतो, ११५ आणि २३०. तो २३०वरच आहे ना ते बघा. माझ्या भाच्याने 'हे काय?' म्हणून ११५वर ढकलला आणि मग चालू केलं. आवाज ऐकून शेजारी विचारायला आले, लग्न कोणाचं आहे.

---

सासूबाईंचा_वायफाय | रविवार, दुपारी १:१०

अनेक वर्षं मागची तारीख दाखवणारा संगणक? आमच्या साबांना द्या, त्यांना तसाही तोच काळ बरा वाटतो.

---

पेन्शनर_प्रोग्रॅमर | रविवार, सायं. ५:४८

तुम्हा मुलांचे डबे म्हणजे काय हो! कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, आपल्याच लोकांनी बांधलेला. सुमारे २७०० व्हॉल्व (काचेच्या नळ्या) होते त्यात. नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. तो माळ्यावर ठेवायचा म्हटला असता तर बिल्डिंगच माळ्यावर ठेवावी लागली असती. पण पाचेक वर्षांत त्याहून वेगवान यंत्रं आली आणि तोही निवृत्त झाला, माझ्यासारखाच.

मी स्वतः नोकरीत पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायच्या कार्डांवर, सुरुवात केली. एकदा दादर स्टेशनच्या जिन्यावर कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला. क्रम लावायला दोन दिवस लागले. काही कार्डं बहुधा विरारला गेली.

माझा सल्ला: पुढचं वापरा, मागचं विसरा. आता मी ७८व्या वर्षी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो आहे.

---

टाका_बाहेर | रविवार, रात्री ९:१४

इथे सगळे एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत म्हणून स्पष्ट लिहितो. साठवणूक हा छंद नाही. आठ वर्षांत जो पार्ट लागला नाही तो नवव्या वर्षी लागणार नाही. मुंबईत चौरस फुटाचा भाव काय, आणि त्यावर तुम्ही मेलेले पंखे ठेवणार?

मात्र भंगारवाल्याला देऊ नका. सीआरटीच्या काचेत शिसं असतं. तो नळीची मान मोडून तांब्याचं वेटोळं काढून घेतो, काच नाल्याकडेला टाकतो. वायरी जाळून तांबं काढतात तो धूर कोणाच्या तरी घरात जातो. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलर असतात, त्यांनाच द्या. आणि देण्याआधी डिस्क पुसा. 'डिलीट' म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडणं, मजकूर तिथेच असतो.

---

लॅमिंग्टनकर | रविवार, रात्री ९:३७

@टाका_बाहेर, सीआरटीबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी, आमच्या ऑफिसात विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून चांगले चालणारे चाळीस संगणक बाहेर काढले. मी त्यातल्या दोघांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून एका शाळेच्या मुलांना दिले, पळतायत. तुमच्या हिशेबाने तेही बाहेर टाकायचे का?

---

टाका_बाहेर | रविवार, रात्री ९:५२

वापरात आहेत ना? मग ते माळ्यावर नाहीत. माझा राग माळ्यावर आहे.

---

विजेचं_बिल | रविवार, रात्री ९:५५

आणि २००२चा पी४ जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीचा आहे साहेब. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटूने ते कधीच सोडलं, डेबियन १३नेही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं इन्स्टॉलर बंद केलं. त्याला पळवायचं म्हणजे आजोबांना मॅरेथॉनला उतरवणं.

---

खटका | गुरुवार, रात्री १०:३०

मंडळी, धाग्याला कलाटणी.

काल सोसायटीची सभा झाली. बिल्डरच्या माणसाने मोजलेलं प्रत्येकाचं कार्पेट क्षेत्रफळ वाचून दाखवलं आणि गोंधळ उडाला, कारण जवळजवळ सगळ्यांचं कमी भरलंय. नवीन घराचं क्षेत्रफळ या आकड्यावर ठरणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहून म्हणाल्या, "२००४ साली आर्किटेक्टने मोजलं होतं, ती यादी काढा!" यादी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात होती. ऑफिस तळमजल्यावर. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी कुर्ल्यात काय झालं ते इथे अनेकांनी बघितलंय. कपाटातल्या फायलींचा दुसऱ्या दिवशी लगदा होता.

पण तेव्हा सेक्रेटरी होते आमचे बाबा. आणि यादी त्यांनी घरी, तिसऱ्या मजल्यावर, त्या चहाच्या रंगाच्या डब्यावर, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती. सभेत सगळे त्यांच्याकडे वळले. बाबा म्हणाले, "मला काय विचारता, मी ७४ वर्षांचा आहे. त्या संगणकाला विचारा."

घरी आल्यावर आई स्टूल धरून उभी. "काढ बघू तो खाली. सांभाळून काढ!"

---

गिरगावची_ठमी | गुरुवार, रात्री १०:३३

आई गं! पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

कोरडी_हवा | गुरुवार, रात्री १०:५०

थांबा, थांबा. संगणक चालू करूच नका! डिस्क एवढ्या वर्षांनी एकदाच धड फिरेल अशी शक्यता धरा. ती बाहेर काढा, जंपर मास्टरवर लावा, आणि आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, म्हणून अ‍ॅडॉप्टरसोबत वीटवाला चार्जर आहे का ते बघून घ्या. लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडा. त्याहून बरं म्हणजे डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढा आणि जे काय शोधायचं ते त्या प्रतीत शोधा.

---

लॅमिंग्टनकर | गुरुवार, रात्री ११:०४

+१. अडॅप्टर लॅमिंग्टनला मिळेल. रस्त्यावरच्या दुकानांत विचारू नका, आतल्या गल्लीत, जिन्याखाली विचारा.

---

खटका | शनिवार, रात्री १२:४५

अडॅप्टर जिन्याखालीच मिळाला. माणूस म्हणाला, "मॅडम, हे आता कोणी मागत नाही," आणि तीन ड्रॉवर उपसून चौथ्यातून काढला. वर भाव मात्र कोणीतरी रोज मागतं असा लावला.

कॅबिनेट उघडलं. आत पालीची दोन रिकामी अंडी, पंख्यावर उबदार गोधडी वाटावी इतकी धूळ. पाच कपॅसिटर फुगलेले, @कोरडी_हवा, तुमच्यामुळे वाचले. डिस्क काढताना चौथा स्क्रू निघेना. आईने सांगितलं, "थेंबभर गोडेतेल टाक," मी नको नको म्हणेपर्यंत तिने काडीने टाकलंही. निघाला.

जोडलं. आधी काहीच नाही. मग मिक्सर सुरू व्हावा तशी घरघर, दोनदा टिक टिक, आणि पडद्यावर ३७.२ जीबीची डिस्क आली. प्रत काढायला दीड तास लागला. बाबा पूर्ण वेळ शेजारी खुर्चीत, सिनेमा बघावा तसे टक्के बघत होते. शेवटाकडे काही जागा वाचता आल्या नाहीत, बाकी सगळं आलं.

आत चार फोल्डर: 'सोसायटी', 'सोसायटी नवीन', 'सोसायटी फायनल', 'सोसायटी फायनल खरं'. यादी अर्थातच दुसऱ्यात. उघडली तर मराठीचं अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, उद्गारचिन्हं. आकडे तेवढे दिसतायत, पण कोणाचे ते कळत नाही. बाबा म्हणतात मी असं टाइप केलेलं नाही.

---

लिपीवेडा | शनिवार, सकाळी ७:२०

बाबांनी बरोबर टाइप केलंय. वाचनमात्र होतो, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या काळातल्या मराठी फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी साठवतोय, फॉन्ट त्यावर 'क'चं चित्र चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. आताच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीला स्वतःची जागा आहे, तिथे 'क' हा कुठल्याही फॉन्टमध्ये 'क'च राहतो.

तुम्हाला हवा तो मुखवटा त्याच डिस्कवर आहे! सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. तिथून श्री-लिपीची टीटीएफ (फॉन्टची) फाइल उचलून लॅपटॉपवर टाका, मजकूर निवडून तो फॉन्ट द्या. युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचं नंतर बघा. त्यात पहिली वेलांटी हमखास रुसते, कारण जुन्या पद्धतीत ती दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफारही रुसतो, त्याचं उलट: जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. नावांचा प्रश्न आहे, 'शिर्के' आडनाव असेल तर डोळ्यांनी तपासा.

---

खटका | शनिवार, सकाळी ११:५५

@लिपीवेडा, तुम्हाला कुर्ल्याच्या बिल्डिंगीतल्या चोवीस घरांकडून साष्टांग नमस्कार. फॉन्ट दिला आणि पडदा उघडल्यासारखी यादी समोर आली. आणि शिर्के खरंच आहेत, दुसरा मजला.

आमचं घर: २००४ मध्ये ३९८ चौरस फूट, बिल्डरच्या माणसाच्या टेपने ३९१. सगळ्यांचं असंच पाच-सात फुटांनी जास्त. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं जुन्या यादीत दोन फुटांनी कमी निघालं. त्या आता म्हणतायत की जुन्या मोजमापावर कशाला विसंबायचं, तेव्हाच्या टेपा सैल असायच्या.

---

टाका_बाहेर | शनिवार, दुपारी १२:३०

अभिनंदन. पण विरजण घालायचं काम माझ्याकडे आहे म्हणून विचारतो. सही नाही, शिक्का नाही, अशा टाइप केलेल्या फायलीला बिल्डर भीक घालणार आहे का?

---

खटका | शनिवार, दुपारी २:१०

नाही घालणार, आणि सोसायटीच्या वकिलांनीही हेच सांगितलं. पण बाबांची सवय: प्रत्येक कागदाच्या तळाला 'संदर्भ' लिहायची. यादीखाली आर्किटेक्टच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख आहे. ते गृहस्थ निवृत्त झालेत, ऑफिस मुलगा चालवतो. फोन केला, क्रमांक सांगितला. त्यांच्याकडे सही-शिक्क्याची स्थळप्रत फायलीत आहे. सोमवारी मिळणार.

---

टाका_बाहेर | शनिवार, दुपारी २:१४

म्हणजे शेवटी कागदच टिकला. माळ्यावर न ठेवलेला.

---

लॅमिंग्टनकर | शनिवार, दुपारी २:१५

आणि तो कुठे आहे ते सांगितलं कोणी? माळ्याने!

---

पेन्शनर_प्रोग्रॅमर | शनिवार, दुपारी ४:००

'संदर्भ' लिहिणाऱ्या पिढीला माझा नमस्कार सांगा.

---

खटका | पुढच्या शुक्रवारी, रात्री ९:२०

मूळ प्रश्नावर येते. पत्र मिळालं, पुन्हा मोजणी होणार आहे. डिस्कची प्रत पायवर आणि एक भावाकडे ठाण्याला. दुसरा आणि तिसरा डबा, मेलेले पंखे यांसह उद्या रिसायकलरची गाडी नेणार. पी४ही देणार होते, पण आईने त्याला जुन्या साडीत गुंडाळून टेम्पोच्या यादीत 'देवघर'नंतर लिहिलंय. मी म्हटलं, अगं, आता सगळं उतरवून घेतलंय, तो रिकामा आहे. तर म्हणे, "असू दे. तुला काय कळतंय."

सीआरटी मात्र अजून वरच आहे. गाडीवाले माळ्यावरून उतरवून घेत नाहीत म्हणाले. उद्या सकाळी कुर्ल्याच्या आसपास कोणी दणकट माणूस मोकळा असेल तर कळवा. पोहे आणि चहा मिळेल.

---

अर्धा_बिट | शुक्रवार, रात्री ९:२६

येतो. लालबागहून कितीसं लांब. पत्ता निरोपात पाठवा.

---

गिरगावची_ठमी | शुक्रवार, रात्री ९:३१

मीही येते. पोहे नकोत, त्या बिस्किटांच्या डब्यातले शंकरपाळे चालतील.